हनुवटीचा अंदाज

समोरून, ओठ मिटून

एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. मुळात ती सामान ठेवायची. पुढे तिथे दोन स्क्रीन, एक फिरतं स्टूल आणि भिंतीवर ताणलेलं निळं कापड आलं, आणि त्या सगळ्याच्या मागोमाग बाई आल्या. दवाखान्यात त्यांना चित्रवाल्या बाई म्हणत. त्या चित्रकार नव्हत्या. शाळेत त्यांनी काढलेल्या गाईखाली मास्तरांनी ‘टेबल छान’ असा शेरा दिला होता.

ज्यांचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, मागे राहिलेला असतो किंवा एका अंगाला कललेला असतो, अशी माणसं ऑपरेशनच्या आधी बाईंकडे येत. बाई त्यांना स्टुलावर बसवून ठरलेले फोटो काढत: समोरून ओठ मिटून, समोरून हसून, दात दाबून, उजवी बाजू, डावी बाजू. मग बाजूने काढलेला एक्स-रे फोटोवर नीट बसवायचा, हाडाच्या कडा माउसने रेखायच्या, आणि सर्जन सांगतील तेवढं हाड स्क्रीनवर मागेपुढे सरकवायचं. हाड सरकलं की सॉफ्टवेअर वरची कातडी ओढून घेई, पलंगावरची चादर ओढावी तशी, आणि समोर तो माणूस येई. सूज उतरल्यावर दिसेल तसा.

माणसं त्या चित्राकडे बघत राहत. बघता बघता काही जण स्वतःची हनुवटी चाचपत. मग सगळे एकच विचारत, “असाच दिसेन ना?”

“अंदाज आहे,” बाई म्हणत.

हे शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते की घरी लेकीनं “दूध तापलं का गं?” विचारलं तरी त्या “अंदाज आहे” म्हणून मोकळ्या होत.

सॉफ्टवेअरला हाड कळत असे, ओठ कळत नसे. खालचा ओठ तर मुळीच नाही. हाडाचं गणित मांडता येतं. ओठ माणसाच्या सवयींवर जातो, किती गप्प बसलाय, किती गिळलंय त्यावर. स्क्रीनवर तो भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा येई. मग बाई हातानं तो दुरुस्त करत. थोडी कड, थोडी सावली. मनगट दुखेपर्यंत.

सूज उतरली की माणूस परत येई. त्याचा नवा फोटो अंदाजाच्या चित्रावर ठेवायचा, म्हणजे दोन्हींतला फरक रंगात दिसे. जुळलं तिथे हिरवं, चुकलं तिथे लाल. खालच्या ओठावर लाल डाग पडला नाही असं बाईंच्या सगळ्या नोकरीत एकदाही झालं नव्हतं. सर्जन त्या डागावर वैतागत. बाईंना तो आवडायचा. तेवढं तरी ज्याचं त्याच्याकडे राहिलं, असं त्यांना वाटे.

समोरून, हसून

पहिला होता एक बसड्रायव्हर. त्याचा नवा फोटो बाईंनी अंदाजावर ठेवला आणि सगळा चेहरा हिरवा झाला. कपाळापासून गळ्यापर्यंत. ओठसुद्धा.

नेहमीचा घोळ, बाईंना वाटलं. दमल्यावर होतं असं. नवा फोटो उघडायच्या ऐवजी अंदाजाचंच चित्र दोनदा उघडलं जातं, आणि ते स्वतःवर बसणारच. त्यांनी सगळं बंद करून पुन्हा उघडलं. नव्या फोटोत ड्रायव्हरच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता, अंदाजात पांढरा. चित्रं वेगळीच होती. चेहरा हिरवाच होता.

“बघा, आधी कसे होतात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ऑपरेशनच्या आधीचा फोटो उघडला. सगळ्यांना त्या तो दाखवत. माणसं खूश होत.

त्या फोटोत पांढऱ्या शर्टातला ड्रायव्हर होता. त्याची हनुवटी जागच्या जागी होती.

“बघितलं,” ड्रायव्हर म्हणाला. “काय बघायचं होतं?”

बाईंना त्याची हनुवटी आठवत होती. स्टिअरिंगच्या आधी ती वळते असं तो स्वतःच म्हणाला होता, आणि स्वतःच हसला होता.

“तुमचा जबडा... मागे घेतला ना आपण.”

“अक्कलदाढ काढलीत तुम्ही माझी,” ड्रायव्हर म्हणाला. “पण काय हो, अक्कलदाढेला इतके दिवस पातळ खायला लागतं?”

तो गेल्यावर बाईंनी सर्जनना बोलावलं. सर्जन सकाळपासून ऑपरेशनला उभे होते; ते आले आणि न विचारताच स्टुलावर बसले. बाईंनी एक्स-रे दाखवला. जबड्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या धातूच्या पट्ट्या, त्यांत स्क्रू. मग आधीचा फोटो दाखवला.

“ह्याचं ऑपरेशन आपण का केलं, सर?”

सर्जननी फोटो मोठा करून बघितला.

“केलं असेल कशासाठी तरी,” ते म्हणाले. “पट्ट्या दिसतायत ना.”

“पण आधीचा फोटो...”

“बाई, तक्रार आहे का त्याची?”

“नाही.”

“मग चहा घ्या.” ते उठले, दारापर्यंत गेले. “बाकी ओठ सुंदर जमलाय हं ह्या खेपेला.”

दात दाबून

त्यानंतर सगळेच हिरवे येऊ लागले. बाईंनी विचारणं सोडून दिलं. विचारलं की माणसं बावरत, कुणी चिडत, आणि परत जाताना आपल्या गालाच्या आतल्या व्रणावरून जीभ फिरवत. हे कशाचं, हे त्यांना सांगता येत नसे. बाईंना मात्र एकेकाचा जुना जबडा लख्ख आठवत होता. संध्याकाळच्या बसमध्ये खांबाला टेकून त्या ते सगळे मनात फिरवून घेत. दुसऱ्या कुणी ते ठेवलेले नव्हते.

मग ट्रम्पेटवाला आला.

तो बँडमध्ये वाजवायचा. त्याचं चित्र केलं त्या दिवशी बाईंना ताप होता. ओठाची कड ओढताना शिंक आली, माउस सटकला, आणि खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी एक बारीक खाच पडली. ती त्यांना चित्र छापून हातात आल्यावर दिसली. पुन्हा उघडा, पुन्हा पुसा, पुन्हा छापा. बाईंनी हात टेकले. असू दे, अंदाजच तर आहे.

सूज उतरल्यावर तो बायकोला घेऊन आला. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि कॅमेऱ्यातून बघितलं.

डाव्या कोपऱ्याशी खाच होती.

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. “ऑपरेशनमध्ये लागलं का हे?”

“हे?” बायकोच हसत पुढे झाली. “हे लहानपणचं. झोक्यावरून पडले होते. माझ्या सासूबाई सांगायच्या, पोरगं रडलं नाही, पण झोक्याला लाथ मारून आलं.”

“तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही,” ट्रम्पेटवाला म्हणाला. “मी आणि झोका.”

बायकोनं फोनमध्ये त्याचा लहानपणचा फोटो शोधून दिला. अर्ध्या चड्डीतला पोरगा, हातात चेंडू, ओठाला खाच. फोटोच्या कडा जुनाट, पिवळ्या.

“वाजवताना त्रास होत असेल,” बाई कसंबसं म्हणाल्या.

“छे हो. माझा सूर ह्या खाचेतूनच येतो, असं माझे गुरुजी म्हणायचे. खाच नसती तर मी ढोलावर असतो.”

सगळा चेहरा हिरवा आला. खाचही.

ते दोघं गेल्यावर बाई निळ्या कापडासमोर, त्याच स्टुलावर, बसून राहिल्या. खाच त्यांच्या शिंकेतून आली होती. पण तिला झोका मिळाला होता. सासू मिळाली होती, गुरुजी मिळाले होते. खाच एकटी आली नव्हती.

उजवी बाजू

घरी लेक सूप पीत होती.

तिला घरात ठेंगू म्हणत. आता ती बाईंपेक्षा वीतभर उंच होती, तरी नाव तेच. ते बाबांनी ठेवलं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका दुपारी, कुठल्याशा इमारतीच्या तळाशी, जेवणाचा डबा उघडता उघडता त्यांचं हृदय थांबलं. त्याला आता काही वर्षं झाली होती.

ठेंगूचा जबडा बाबांचा होता. खालचा, पुढे आलेला, रुंद. वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना कधी भेटतच नसत. ब्रेडचा तुकडा तोडायचा तर तो गालाकडे, दाढेकडे न्यावा लागे. बाईंचं सासरचं सगळं घराणंच तसलं. लग्नाचा ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफर वैतागून म्हणाला होता, “मुलाकडच्यांनी जरा आत घ्या.” त्यावर सगळ्यांत मोठ्यानं नवराच हसला होता.

“सर्जननी तारीख दिली,” ठेंगू म्हणाली. “चित्र तुझ्याकडूनच करून आणायला सांगितलंय.”

“दुसऱ्या दवाखान्यात करू.”

“का? जगाची चित्रं करतेस. मी काय घोडं मारलंय?”

बाईंनी ताट उचललं, ते धुतलेलंच होतं, तरी पुन्हा धुतलं. मग मागे न वळता त्यांनी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, पट्ट्या, खाच, झोका. सांगून झाल्यावर नळ बंद केला.

ठेंगू हसली नाही. आईला ती ओळखून होती. तिच्या आईला गोष्टी रचता येत नसत.

“म्हणजे चित्र झालं की आधीचं राहत नाही,” ती म्हणाली.

“नाही राहत.”

“आई, तेच तर हवंय मला.”

बाई वळल्या.

“तुला वाटतं मला बाबा नकोत,” ठेंगू म्हणाली. “पण तू त्यांना जेवताना बघितलंस ना? लोकांसमोर ते खायचेच नाहीत. लग्नकार्यात म्हणायचे, मी घरून जेवून आलोय. घरी येऊन माझ्याबरोबर चोरून बिस्किटं बुडवून खायचे. कॉलेजात मीही तेच करते. घरून जेवून आलेय.” तिनं चमचा खाली ठेवला. “मला सगळ्यांसमोर एक सफरचंद खायचंय. बास. इतकंच.”

“माझ्याकडे त्यांची दुसरी काही खूण नाही गं.”

“मी आहे की.”

“तुझ्या तोंडावरचीच म्हणतेय मी.”

ठेंगू उठली, आईच्या खांद्यावर तिनं ती रुंद हनुवटी टेकवली. नवरा अशीच टेकवायचा. खांद्याच्या खळग्यात ती नेमकी बसायची, जड आणि ऊबदार. बाई हलल्या नाहीत.

खाचेला झोका मिळाला, त्या विचार करत होत्या. मग नव्या हनुवटीला काय मिळेल? ती कुणाकडून आली म्हणतील?

मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. नवऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार? त्यांचं ऑपरेशन थोडंच होतंय. आणि फोटो गेले तर गेले. ड्रायव्हर डोक्यात राहिला, ट्रम्पेटवाला राहिला. नवरा तर जन्माचा. डोक्यात कुणाला शिरता येत नाही.

“सकाळी ये माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

डावी बाजू

लेकीचा एक्स-रे बाईंनी रेखला. इतकी स्वच्छ रेघ त्यांच्याकडून कधी आली नव्हती. हाडाची ती कड त्यांना पाठ होती. अंधारात बोटांनी फिरलेली.

ठेंगू शेजारी स्टूल ओढून बसली.

बाईंनी जबडा मागे घेतला. कातडी ओढली गेली. स्क्रीनवर कुणीतरी दिसू लागलं.

“अजून,” ठेंगू म्हणाली.

“सर्जननी एवढंच सांगितलंय.”

“हनुवटी राहिलीय थोडी पुढे. तू ठेवलीस.”

ठेवली होती. तसूभर.

“एवढी राहू दे,” बाई म्हणाल्या. “दात जुळतायत ना. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल.”

बाईंनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवले. मग एक्स-रेच्या खोलीतून कुणीतरी “श्वास धरा” असं सांगितलं, आणि दोघींनीही धरला.

“सोडा,” भिंतीपलीकडून आवाज आला.

बाईंनी माउस घेतला. हनुवटी मागे घेतली.

“अजून थोडी.”

घेतली.

“हं,” ठेंगू पुढे झुकली. स्क्रीनचा उजेड तिच्या दातांवर पडला होता. “ही बघ. ही मी.”

आता ओठ राहिला होता. सॉफ्टवेअरनं तो नेहमीसारखाच सुजट काढला होता. बाईंनी तो दुरुस्त करायला ब्रश उचलला, आणि मग लेकीच्या ओठाला कशी कड द्यावी ते त्यांना कळेना. नवरा गेल्यापासून हा ओठ किती गप्प बसलाय, किती गिळलंय त्यानं, हे चित्रात कुठून आणायचं? त्यांनी बराच वेळ घेतला. थोडी कड. थोडी सावली.

“सुंदर,” ठेंगू म्हणाली.

बाईंनी सेव्ह केलं.

नंतर

ऑपरेशन व्यवस्थित झालं. सूज आली, निळी झाली, पिवळी झाली, उतरली. ठेंगूला तपासणीला नेलं तेव्हा बाईंनी फोटो काढला, पण तो अंदाजावर ठेवला नाही. सर्जननी विचारलं तर म्हणाल्या, मशीन बिघडलंय. सर्जन बरं म्हणाले. ठेंगूकडे बघून त्यांनी कपाळाला आठी घातली, काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखी.

“अक्कलदाढ ना?” ते म्हणाले.

ठेंगूनं आईकडे बघितलं. तिला आठवत नव्हतं, ते बाईंना तिच्या डोळ्यांत दिसलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

फोटोंचे आल्बम त्यांनी उघडले नाहीत. कपाटाच्या तळाशी, चादरींच्या खाली होते, तिथेच राहू दिले.

आणि खरं सांगायचं तर घर हलकं झालं होतं. ठेंगू दारात उभी राहून सफरचंद खायची, कडकडा, रस हनुवटीवर ओघळेपर्यंत. खाल्लेल्या जागी दातांची स्वच्छ कमान उमटे. मैत्रिणी घरी येऊ लागल्या. एकदा ती फोनवर मोठ्यानं हसली आणि बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं रडतेय.

एका दुपारी बेल वाजली. दारात एक बाई उभी होती, हातात पिशवी, नीटस, बारीक जिवणीची.

“कोण हवंय?” बाईंनी विचारलं.

“वहिनी! कोण हवंय काय? दार अडवू नकोस, पाय मोडलेत माझे.”

आवाज नणंदेचा होता. नवऱ्याची धाकटी बहीण. बाईंनी दाराची कड धरली. मग बाजूला झाल्या.

नणंद आत आली, चपला काढल्या, पिशवी टेकवली, ठेंगूला हाक मारली, आणि ती येताच तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं.

“बघ, बघ. दिवसेंदिवस दादाच होत चाललीय. ही हनुवटी बघ. सगळ्या घरानं दिलीय हिला.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या. दोन सारख्या हनुवट्या.

“त्यांची हनुवटी पुढे होती. तुझीही होती. खालचा जबडा पुढे होता तुमचा सगळ्यांचा.”

“काय गं हे, आई,” ठेंगू हळूच म्हणाली.

नणंदेनं बाईंचा हात धरला. “वहिनी, दमलीस तू. बस बघू. ठेंगू, पाणी आण.”

“पुढे होती,” बाई म्हणाल्या. “थांब, सांगते. त्यांचे खालचे दात...”

दात कसे होते ते सांगण्यासाठी त्यांनी डोळे मिटले.

आधी ड्रायव्हर आला. त्याची लांब हनुवटी, स्टिअरिंगच्या आधी वळणारी. जशीच्या तशी.

मग ट्रम्पेटवाला. ओठ अखंड, खाचेविना.

मग नवरा आला.

खिडकीशी बसला होता. मांडीवर बाईंचा दवाखान्यातला निळा कोट. बटण लावून झालं होतं आणि कात्री शोधायचा त्याला कंटाळा. त्यानं कोट तोंडाजवळ नेला. दोरा ओढून धरला.

टक्.

बाईंनी डोळे उघडले. समोर पाण्याचा ग्लास होता. त्या काहीतरी सांगत होत्या. काय ते निसटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, इतकंच कळत होतं. त्यांनी लेकीकडे नीट बघितलं, आणि त्यांना हसू आलं.

“खरंच गं, तेच,” त्या नणंदेला म्हणाल्या. “दोरा कसा तोडायचे, आठवतं तुला? पुढच्या दातांनी. कात्री म्हणून कधी लागली नाही त्यांना.”